कृष्णाकाठचा गुळगुळीत गोटा: गाळाचा खडक कसा ओळखावा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील नद्यांच्या पात्रात उन्हाळ्यात उतरणाऱ्या हौशी निरीक्षकाच्या हाती पहिल्यांदा जो दगड येतो, तो बहुधा काळसर, गुळगुळीत आणि डोळ्यांना एकही दाणा न दिसणारा असतो. शालेय पुस्तकात गाळाचे खडक नदीच्या गाळापासून बनतात असे वाचलेले असल्यामुळे, नदीत सापडलेला असा बारीक पोताचा दगड गाळाचाच असणार असा समज सहज होतो. या दोन जिल्ह्यांत तो समज बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. गुळगुळीतपणा हे नदीच्या घासण्याचे फळ असून दगडाच्या जन्माविषयी तो काहीही सांगत नाही. आणि बारीक पोत हा गाळाच्या खडकाइतकाच बेसाल्टचा (म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या खडकाचा), गारगोटीच्या जातीच्या दगडांचा आणि चक्क भाजलेल्या विटेचाही गुण आहे. म्हणून ओळख पटवताना या दोन्ही गुणांना प्रथम बाजूला ठेवून पुढील क्रमाने जावे, अशी या लेखाची शिफारस आहे.

दगड उचलण्याआधी नकाशा पाहावा

नदी दगड खाली आणते, वर नेत नाही. त्यामुळे आपण ज्या ठिकाणी उभे आहोत त्याच्या वरच्या अंगाला कोणकोणते खडक आहेत, हा पहिला प्रश्न असतो आणि अर्धे उत्तर त्यातच मिळते. कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरातून निघते. वेण्णाही तिथूनच येते आणि साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावर कृष्णेला मिळते. कोयना कराडला समोरासमोर येऊन भेटते, येरळा माण-खटावच्या कोरड्या भागातून खाली उतरते आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला येऊन मिळते. या सर्व नद्यांचे पाणलोट क्षेत्र जवळजवळ संपूर्णपणे दख्खनच्या लाव्हाने व्यापलेले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला हा लाव्हा इथे इतका पुरेपूर उघडा पडला आहे की, भूशास्त्रज्ञांनी त्याच्या वरच्या थरांच्या गटाला ‘वाई उपगट’ असे नाव दिले असून त्यातील घटकांना पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर ही नावे आहेत. आंबेनळी घाटातून प्रवास करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे.

या लाव्हाच्या खाली तरी जुने गाळाचे खडक असतील आणि कुठेतरी ते उघडे पडून नदीत येत असतील, अशी शंका घेता येईल. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी जी खोल विंधनविवरे घेण्यात आली, त्यांनी या शंकेचे बरेचसे निरसन केले आहे. रासाटी येथील विवरात सुमारे ९३२ मीटर खोलीवर बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइट-नाइस जातीचा पायाभूत खडक लागला. दोहोंच्या मध्ये गाळाच्या खडकाचा थर आढळला नाही. वालुकाश्म, शेल आणि चुनखडक यांचा जुना मोठा साठा आपल्याला जवळात जवळ सापडतो तो कर्नाटकात, बदामी आणि बागलकोटच्या परिसरात. तिथून मलप्रभा आणि घटप्रभा या नद्या तो कृष्णेत आणतात खऱ्या, परंतु त्या कृष्णेला सांगलीच्या पुष्कळ खाली मिळतात. बदामीच्या लेणी ज्या तांबूस वालुकाश्मात कोरल्या आहेत, त्याचा गोटा सांगलीच्या घाटावर सापडला, तर तो माणसाने आणलेला आहे असेच प्रथम मानावे.

यावरून निघणारा नियम असा: सातारा-सांगलीच्या पात्रातला काळा-करडा, बारीक पोताचा, गुळगुळीत गोटा हा बेसाल्ट आहे असे गृहीत धरून सुरुवात करावी आणि त्याविरुद्ध पुरावा मिळाला तरच मत बदलावे.

बारीक म्हणजे किती बारीक

भूशास्त्रात गाळाच्या कणांची प्रतवारी आकारावरून केली जाते. २ मिलिमीटरपासून १/१६ मिलिमीटरपर्यंतचा कण म्हणजे वाळू. १/१६ ते १/२५६ मिलिमीटर या दरम्यानचा कण म्हणजे पोयटा आणि त्याहूनही सूक्ष्म कण म्हणजे चिकणमाती. वाळू घट्ट होऊन वालुकाश्म बनतो, पोयटा आणि चिकणमाती यांच्यापासून पंकाश्म किंवा पत्र्यांत फुटणारा शेल बनतो, आणि पाण्यात विरघळलेला चुना साचून चुनखडक बनतो. वाळूचा कण नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पोयट्याचा कण दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली जेमतेम जाणवतो, आणि चिकणमातीचा कण त्या भिंगालाही दाद देत नाही. म्हणजेच ‘बारीक पोताचा गाळाचा दगड’ असे म्हणताना आपण प्रत्यक्षात पंकाश्म, शेल, बारीक दाण्याचा वालुकाश्म किंवा चुनखडक यांपैकी एखाद्याविषयी बोलत असतो.

बेसाल्टचा पोत बारीक असण्याचे कारण निराळे आहे. लाव्हा जमिनीवर पसरल्यावर लवकर थंड होतो, स्फटिकांना वाढायला वेळ मिळत नाही आणि ते एकमेकांत गुंतून राहतात. गाळाच्या खडकातील कण शेजारी-शेजारी बसून मधल्या चुन्याने, सिलिकेने किंवा मातीने चिकटलेले असतात. भिंगाखाली नेमका हाच फरक शोधायचा असतो.

साहित्य आणि वेळ

साहित्य फार लागत नाही. सराफ वापरतात तसले दहापट भिंग, एक पोलादी खिळा, काचेची रिकामी बाटली, न्हाणीघरातील फरशीचा एक तुकडा (त्याची मागची, झिलई नसलेली बाजू उपयोगी पडते), जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेले तीव्र चुंबक, व्हिनेगरची लहान बाटली, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातील काटा, हातोडी, गोणपाटाचा तुकडा आणि डोळ्यांसाठी बंदिस्त चष्मा एवढे पुरे. संडास साफ करण्याचे तीव्र ॲसिड पिशवीत घालून नदीवर नेऊ नये. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस हळू काम करतो, पण नवशिक्याला तोच योग्य.

फेब्रुवारी ते मे हा काळ सर्वांत सोयीचा, कारण पाणी उतरलेले असते आणि पात्रातील गोट्यांची चादर उघडी पडते. तरीही धरणांच्या खालच्या पात्रात उन्हाळ्यातही विसर्ग सोडला जातो आणि पाणी अचानक चढते, हे लक्षात ठेवून काठावरच्या लोकांना विचारल्याशिवाय मधल्या बेटांवर जाऊ नये. वाळू, मुरूम आणि दगड ही गौण खनिजे असून महसूल विभागाच्या परवानगीविना त्यांचे उत्खनन करता येत नाही. अभ्यासासाठी दोन-चार हातात मावणारे नमुने पुरतात. बाकीचे छायाचित्र घेऊन जिथल्या तिथे ठेवावेत. घाटांच्या पायऱ्या, समाध्या आणि मंदिरांची जोती यांतील दगडांना खिळा लावण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. कास पठारावर तर काहीच उचलू नये. २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत ते जागतिक वारशाच्या यादीत गेले आहे.

पात्रात उभे राहून पाहायच्या गोष्टी

गोटा उचलण्याआधी त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहावे. कराडच्या वर किंवा माहुलीजवळ जिथे गोट्यांचा थर दिसतो, तिथे चपटे दगड एकमेकांवर रेलून प्रवाहाच्या वरच्या दिशेकडे उतरते झालेले आढळतात. अशी रचना दिसली की हे दगड पुराच्या पाण्याने वाहून आणून बसवलेले आहेत, भरावासाठी डंपरने ओतलेले नाहीत, एवढी खात्री होते. नमुना कुठून घेतला याला मोल यायचे असेल, तर ही खात्री आवश्यक असते.

मग गोटा पाण्यात बुडवून ओला पाहावा आणि उन्हात पूर्ण वाळवून पुन्हा पाहावा. ओल्या दगडावर रंग, रेषा आणि भरलेली छिद्रे स्पष्ट होतात, तर पृष्ठभागाचा खरा खडबडीतपणा कोरड्या दगडावरच कळतो. कोरड्या दगडावर पाण्याचा एक थेंब टाकावा. घट्ट बेसाल्टवर तो बराच वेळ तसाच बसून राहतो, पंकाश्मावर किंवा मऊ वालुकाश्मावर तो पाहता पाहता शोषला जातो. दगडावर तोंडाने गरम वाफ सोडून लगेच वास घेतल्यास चिकणमाती असलेल्या दगडाला ओल्या मातीचा वास येतो. पुस्तकांत दगड जिभेला लावून पाहण्याची एक पद्धतही सांगितलेली असते, पण शहरांचे सांडपाणी मिसळणाऱ्या पात्रात ती वापरू नये.

गोल आकारावरही फार भिस्त ठेवू नये. बेसाल्ट जागच्या जागी कुजताना त्याच्या कोपऱ्यांवर हवापाण्याचा मारा अधिक होतो आणि कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे त्याचे थर सुटत जाऊन मध्ये गोल गाभा उरतो. माळरानावर, नदीपासून कितीतरी दूर, रस्त्याच्या कापात मुरमात रुतलेले असे गोल धोंडे दिसतात, त्यांना पाण्याचा स्पर्शही झालेला नसतो. नदीत घासलेला गोटा सर्वांगाने गुळगुळीत असतो. कुजून गोल झालेला धोंडा हाताला खरखरीत लागतो आणि त्याची साल बोटाने निघते.

रेषा दिसल्या म्हणजे थर नव्हेत

नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथे होते, म्हणून या पायरीवर थोडे थांबावे लागेल. दगडावर समांतर पट्टे दिसले की गाळाचे थर सापडले असे वाटते. परंतु बेसाल्टच्या गोट्यावर तीन निरनिराळ्या कारणांनी पट्टे उमटतात. पहिले कारण म्हणजे साल: हवापाण्याने बेसाल्टच्या बाहेरच्या भागातील लोह गंजते आणि तपकिरी वलये आत शिरत जातात. दुसरे कारण म्हणजे भेगा, ज्यांत नंतर कॅल्साइट (चुन्याचे खनिज) किंवा झिओलाइट अशी पांढरी खनिजे भरून रेषा तयार होतात. तिसरे कारण म्हणजे लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांच्या ओळी.

यांतून खरे थर वेगळे काढण्याचा उपाय सोपा आहे. रेषा दगडाच्या पृष्ठभागाला समांतर वळते की पृष्ठभागाची पर्वा न करता दगड आरपार कापत जाते, हे पाहावे. साल नेहमी दगडाच्या आकाराबरोबर वळते, कारण ती दगड गोल झाल्यानंतर किंवा होताना तयार झालेली असते. गाळाचा थर दगड तुटण्याच्या कितीतरी आधी बसलेला असतो, म्हणून तो गोट्याच्या एका अंगाने शिरून दुसऱ्या अंगाने बाहेर पडतो आणि गोटा फिरवून पाहिला तर समोरच्या बाजूला त्याच उंचीवर पुन्हा भेटतो. भेगेतील रेषाही आरपार जाते, पण ती एकटी असते, तिची जाडी कमी-जास्त होते आणि तिला फाटे फुटतात. थर मात्र अनेक असतात आणि त्यांच्यात दाण्याचा किंवा रंगाचा थोडा-थोडा फरक असतो.

रेषांइतकाच महत्त्वाचा पुरावा छिद्रांचा. वाटोळी किंवा लांबट छिद्रे, आणि त्यांत भरलेले पांढरे, हिरवट किंवा काचेसारखे दाणे, हे लाव्हाचे लक्षण होय. बुडबुड्याची पोकळी गाळाच्या खडकात अशी तयार होत नाही. गोट्यावर असा एक जरी भरलेला बुडबुडा दिसला, तरी पुढच्या कसोट्या करण्याची गरज बहुतेक संपते. ताज्या कपचीवर भिंगाखाली उन्हात दगड हलवला असता सुईच्या टोकाएवढ्या चकाकत्या काड्या चमकून जातात. त्या फेल्स्पार या खनिजाच्या असतात आणि त्याही बेसाल्टच्याच बाजूने साक्ष देतात.

खिळा, काच, चुंबक आणि व्हिनेगर

यापुढच्या कसोट्या ताज्या फुटलेल्या भागावर कराव्यात, कारण नदीतल्या गोट्याच्या अंगावर शेवाळ, चुन्याचे पुट आणि गंज असतो. गोटा गोणपाटात गुंडाळावा, डोळ्यांवर चष्मा लावावा आणि कडेला एकच ठोका मारून लहान कपची काढावी. आवाजाकडेही लक्ष द्यावे: घट्ट बेसाल्ट खणखणीत वाजतो, मातकट दगड बद्द वाजतो.

कपचीवर खिळ्याने जोर देऊन रेघ ओढावी. खिळ्याच्या पोलादाची कठीणता १ ते १० च्या मोहस मोजपट्टीवर सुमारे ५.५ असते, चुनखडकातील कॅल्साइटची ३ आणि गारगोटीची ७. चुनखडक व पंकाश्म खिळ्याने सहज खरचटतात. ताजा बेसाल्ट सहसा खरचटत नाही, पण त्यावर एक चकचकीत करडी रेघ उमटते आणि ती पाहून दगड मऊ आहे असे वाटते. ती रेघ नखाने चाचपावी. नख खाचेत अडकले तर दगड खरचटला आहे. नख अलगद वरून सरकले तर ती दगडावर लागलेल्या पोलादाची खूण आहे. याउलट, दगडानेच काचेच्या बाटलीवर स्पष्ट ओरखडा काढला, तर तो गारगोटीच्या कुळातील असण्याची शक्यता मोठी. अकीक, कॅल्सेडोनी आणि जास्पर हे दगड आपल्या नद्यांत मिळतात, ते अत्यंत बारीक पोताचे आणि मेणासारख्या तकाकीचे असतात, परंतु ते लाव्हातील पोकळ्यांत आणि भेगांत सिलिकायुक्त पाण्यातून साचलेले असतात. त्यांना गाळाचे खडक म्हणू नये.

चुंबक दोऱ्याला बांधून लोंबते ठेवावे आणि कपची हळूहळू जवळ न्यावी. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे सूक्ष्म कण असल्यामुळे चुंबक किंचित पण स्पष्टपणे झुकते. चुनखडक, शेल आणि गारगोटी यांच्याकडे ते ढिम्म राहते. ही कसोटी करायला मिनिटभर पुरते आणि माझ्या मते आपल्या भागासाठी तीच सर्वांत उपयुक्त आहे. जांभ्याचा खडा मात्र लोहामुळे चुंबकाला कधी कधी प्रतिसाद देतो, पण त्याचा तांबडा रंग आणि भोके पाहून तो वेगळा काढता येतो.

फरशीच्या मागच्या बाजूवर दगड घासल्यास भुकटीचा रंग कळतो. काळ्या बेसाल्टची भुकटी करडी, लोहाने लाल झालेल्या दगडाची भुकटी तांबडी आणि चुनखडकाची भुकटी पांढरी किंवा फिकट असते. याच भुकटीवर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि भिंगातून पाहावे. चुना असेल तर बारीक बुडबुडे सुटू लागतात. इथे एक सावधगिरी हवी. बेसाल्टच्या पोकळ्यांत भरलेला कॅल्साइटही फसफसतो, आणि कडक पाण्यामुळे गोट्यावर बसलेले चुन्याचे पांढरे पुटही. म्हणून बुडबुडे संपूर्ण दगडातून येत आहेत की एखाद्या पांढऱ्या ठिपक्यापुरतेच, हे पाहिल्याशिवाय ‘चुनखडक’ अशी नोंद करू नये.

पाण्यात तोलून पाहणे

वरच्या कसोट्यांनी मन निश्चित होत नसेल, तर घरी येऊन दगडाची घनता काढावी. कोरड्या दगडाचे वजन प्रथम टिपून घ्यावे. मग दगड पाण्यात बुडवून ठेवावा व त्यातून बुडबुडे येणे थांबल्यावर बाहेर काढून पुसावा. काट्यावर पाण्याने अर्धे भरलेले पातेले ठेवून आकडा शून्यावर आणावा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडांना टेकणार नाही असा हाताने तोलून धरावा. आता काटा जितके ग्रॅम दाखवतो, तितके घन सेंटिमीटर दगडाचे आकारमान असते. कोरड्या वजनाला या आकड्याने भागावे. उदाहरणार्थ, ४३५ ग्रॅमच्या गोट्यासाठी काट्याने १५० दाखवले, तर घनता २.९ येते.

घट्ट बेसाल्टची घनता साधारणपणे २.८ ते ३.० असते. चुनखडक २.७ च्या आसपास, कॅल्सेडोनी २.६ च्या आसपास, पंकाश्म आणि वालुकाश्म बहुधा त्याहून कमी, आणि वीट तर २ च्याही खाली. छिद्रे असलेल्या किंवा कुजलेल्या बेसाल्टची घनता उतरते, म्हणून कमी आकडा आला की लगेच गाळाच्या खडकाकडे धाव घेऊ नये. मात्र २.९ आकडा आलेला काळा गोटा गाळाचा असल्याचे कोणी सांगितले, तर त्याच्याकडे भक्कम पुरावा मागावा.

इथे खरोखर मिळणारे गाळाचे दगड

सातारा-सांगलीत गाळाचे दगड नाहीतच असे मात्र नाही. ते आहेत, पण ते भूशास्त्रीय दृष्टीने अगदी तरुण आहेत आणि दिसायला काळे, गुळगुळीत, आकर्षक नसल्यामुळे संग्राहक त्यांना ओलांडून जातात.

त्यांतील पहिला म्हणजे चुनखडीचा खडा, ज्याला कंकर असेही म्हणतात. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या भागांत शेतकऱ्यांना हे खडे चांगले परिचित आहेत. पावसाचे पाणी जमिनीतून झिरपताना बेसाल्टपासून सुटलेले कॅल्शियम बरोबर नेते. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते आणि चुना मातीच्या कणांभोवती गोळा होऊन राहतो. जास्त पावसाच्या महाबळेश्वरच्या बाजूला तो धुऊन जातो, म्हणून तिथे कंकर दिसत नाही आणि त्याऐवजी जांभा दिसतो. हे खडे मळकट पांढरे, गाठाळ, वेड्यावाकड्या आकाराचे असतात. येरळेच्या किंवा माणगंगेच्या पात्रात आल्यावर त्यांचे कोपरे झिजतात. एखादा खडा मध्यावर फोडून पाहावा. आत बारीक पोताचा फिकट चुना, त्यात अडकलेले बेसाल्टचे काळे कण आणि कधी मध्यभागी वाळून पडलेल्या चिरा दिसतात. त्यावर व्हिनेगर टाकले की सर्व भागातून बुडबुडे येतात. पूर्वी गावोगावच्या चुनाभट्ट्यांत असलेच खडे भाजून बांधकामाचा चुना केला जात असे.

दुसरा प्रकार काठाच्या खालच्या भागात, उन्हाळ्यात पाण्याच्या पातळीजवळ दिसतो. जुन्या पुरांनी आणलेले गोटे आणि वाळू चुन्याने एकमेकांना चिकटून एक ओबडधोबड पण टणक थर तयार झालेला असतो. त्यातील प्रत्येक गोटा बेसाल्टचा, म्हणजे अग्निजन्य. पण गोट्यांचा मिळून झालेला खडक गाळाचा. चाचणी करताना खिळा किंवा चुंबक गोट्याला लावले की बेसाल्टची उत्तरे येतात आणि दोन गोट्यांच्या मधल्या फिकट भागाला व्हिनेगर लावले की चुन्याचे उत्तर येते. नवशिक्याला खडकांचे वर्ग समजावून सांगायला याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही, त्यामुळे असा थर सापडल्यास त्यापाशी निवांत वेळ द्यावा. त्यातून सुटून पुन्हा वाहत आलेला, गोल झालेला तुकडाही कधी कधी मिळतो.

तिसरा प्रकार अजून दगड झालेलाच नाही. सांगलीकडे जाताना कृष्णेचे काठ मातीचे आणि उंच होत जातात, पात्रात गोटे कमी होऊन वाळू आणि पोयटा वाढतो. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीतील घरांत, दुकानांत आणि उसाच्या फडांत जो गाळ उरला, तो पंकाश्माचा कच्चा माल होता. काठाच्या उभ्या कापात निरनिराळ्या पुरांचे थर एकावर एक दिसतात: खाली जरा जाड वाळू, वर बारीक पोयटा, त्यावर चिकणमाती आणि तिला पडलेल्या भेगा. यातील वाळलेले ढेकूळ पाण्यात टाकले की विरघळते. खरा पंकाश्म पाण्यात विरघळत नाही. रात्रभर पाण्यात ठेवून पाहणे ही ढेकूळ आणि दगड यांतला फरक सांगणारी साधी आणि विश्वासार्ह परीक्षा आहे.

घाटरस्त्यांच्या कापांत दोन लाव्हाथरांच्या मध्ये विटकरी रंगाची मातकट पट्टी दिसते. तिचा तुकडा बारीक पोताचा, तांबड्या भुकटीचा, खिळ्याने सहज खरचटणारा असतो आणि लाल पंकाश्मासारखा भासतो. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली माती किंवा कुजलेली ज्वालामुखीय राख वरच्या लाव्हाने भाजली जाऊन ही पट्टी झाली असे मानले जाते. तिला कोणत्या खणात ठेवावे यावर अभ्यासकांतही मतभेद आहेत. नदीत मात्र ती फार दूर टिकत नाही, लवकर माती होऊन जाते. त्यामुळे संगमाजवळ लाल, बारीक पोताचा, व्यवस्थित गोल झालेला तुकडा मिळाला, तर पुढील परिच्छेद वाचावा.

माणसाने आणलेले पाहुणे

नदीच्या दृष्टीने वीट, कौल, काँक्रीट आणि फरशी हे सर्व दगडच असतात आणि ती त्यांनाही तितक्याच निष्ठेने घासते. काठावरील जुन्या घरांची पडझड आणि वीटभट्ट्यांची रास यांतून पात्रात गेलेला विटेचा तुकडा काही वर्षांत सुबक, अंडाकृती, तांबडा गोटा बनतो. त्यावर पाण्याचा थेंब तत्काळ शोषला जातो, घनता कमी भरते, भिंगाखाली भाजलेल्या मातीत न मिसळलेले पांढरे दाणे, राखेचे काळे ठिपके आणि जळून गेलेल्या भुशाच्या पोकळ्या दिसतात. पोकळी भुशाच्या आकाराची, लांबट आणि टोकदार असेल, तर तो दगड भट्टीतून आलेला आहे यात शंका नको.

फरश्यांचे तुकडे अधिक रंजक असतात, कारण ते खरेखुरे गाळाचे खडक असतात. शहाबादी फरशी हा कर्नाटकातील भीमा खोऱ्यातला बारीक पोताचा चुनखडक आहे, कोटा फरशी हा राजस्थानातला चुनखडक, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवला जाणारा काळा कडाप्पाही आंध्रातील चुनखडकाचाच. घाटाजवळ यांचे तुकडे झिजून गोल होतात. कडाप्पाचा झिजलेला तुकडा आणि बेसाल्टचा गोटा शेजारी ठेवले, तर रंग आणि पोत यांवरून ते वेगळे करणे अनुभवी माणसालाही जड जाते. खिळा, चुंबक आणि व्हिनेगर या तीन कसोट्या एकापाठोपाठ केल्या की मात्र त्यांच्यात गल्लत राहत नाही. नवशिक्याने फरशीच्या दुकानाबाहेर पडलेल्या कपच्या मागून आणाव्यात आणि घरच्या पाट्याच्या किंवा खलबत्त्याच्या फुटक्या बेसाल्टशी त्यांची तुलना करून हात बसवावा. नदीवर जाण्याआधीचा हा सराव फार कामी येतो.

ज्या घरांत देव्हाऱ्यात शाळिग्राम आहे, तिथे नदीत घासलेला, बारीक पोताचा, गाळाचा दगड आधीच पुजला जात आहे. नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रातून येणारे हे काळे गोटे मूळच्या समुद्रतळाच्या गाळातले असून, त्यांतील चक्र म्हणजे अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याच्या शिंपल्याचा ठसा होय. त्याच देव्हाऱ्यातील नर्मदेचा बाणलिंग मात्र बहुधा गारगोटीच्या कुळातला, अतिशय कठीण असतो. या दोहोंवर खिळा किंवा व्हिनेगर लावण्याचा विचार कोणी करू नये. भिंगातून पाहायला आणि हातात घेऊन वजन जोखायला काही हरकत नाही.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक नमुन्याच्या कपचीसोबत नदीचे नाव, जवळचे गाव किंवा घाट, तो पात्रात होता की काठाच्या थरात, तारीख आणि प्रत्येक कसोटीचे उत्तर लिहून ठेवावे. ‘बेसाल्ट’ किंवा ‘चुनखडक’ हा निष्कर्ष वेगळ्या रकान्यात लिहावा, म्हणजे पुढे मत बदलले तरी मूळ निरीक्षणे शाबूत राहतात. रंग लिहिताना दगड ओला होता की कोरडा हेही नमूद करावे.

काही थोडे गोटे या सर्व कसोट्यांनंतरही उत्तर देत नाहीत: चुंबक झुकत नाही, चुना फसफसत नाही, खिळा खरचटत नाही आणि एकही बुडबुडा दिसत नाही. अशा गोट्याची कपची भूशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयात नेऊन तिचा पातळ काप करून घेता येतो का, याची चौकशी करावी. ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासलेल्या कापातून प्रकाश आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण एकमेकांत गुंतलेले स्फटिक आहेत की शेजारी-शेजारी बसलेला गाळ, हे थेट दिसते. तिथे जाताना गोट्याचा उरलेला मोठा तुकडा आणि नोंदवही सोबत न्यावी, कारण काप पाहणारा माणूस सर्वांत आधी हा दगड नेमका कुठे मिळाला हेच विचारतो.